सरकलेला ठिपका

नाशिक
४ जुलै १९९९

प्रिय साधना,

पोचले एकदाची. पेठेपासून एस.टी.त उभीच आले, आणि शेजारच्या बाईची कोंबडी सगळा घाट माझ्या पायावर बसून होती. आत्याला पत्र वाचून दाखवशील तेव्हा कोंबडीपासून सुरुवात कर, ती हसेल. वसतिगृहात खिडकीजवळची खाट मिळाली आहे. जेवण बरं आहे, भात मात्र आपल्याकडचा नाही.

क्लास कॉलेज रोडला एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर भरतो. शिकवणाऱ्या कुलथे मॅडम. आम्ही सोळा जणी, त्यात आदिवासी योजनेतून नंबर लागलेली मी एकटीच. तुला वाटत असेल, भुवया कोरल्या, क्रीम चोपडलं, झालं शिक्षण. तसं नाही बाई. आधी वही भरायची. कातडीला थर किती, तेलकट कशी ओळखायची, कोरडी कशी, कशावर काय लावलं तर भाजतं. हात फिरवायचे तेही वाटेल तसे नाहीत. हनुवटीपासून वर, गालावरून कानाकडे, कपाळावर मधून बाहेर. मॅडम म्हणतात, डोळे मिटून नुसत्या बोटांनी चेहरा वाचता आला पाहिजे.

दुपारी दोनला प्रॅक्टिकल असतं. आठ खाटा एका रांगेत. आठ जणी झोपतात, आठ जणी काम करतात, मग अदलाबदल. तोंडाला लेप लावला की डोळ्यांवर ओल्या कापसाच्या चकत्या ठेवायच्या आणि पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही. माझी जोडीदार ज्योत्स्ना देवळाली कॅम्पची, वडील लष्करात आहेत. पहिल्या दिवशी तिनं माझ्या कपाळावरचं गोंदण ओल्या कापसानं घासून पाहिलं. तिला वाटलं शाई उडाली आहे. मी म्हटलं, घास, बारा वर्षं जुनं आहे, तुझ्या हातानं निघालं तर वसतिगृहातली माझी आमटी तुला.

फेब्रुवारीत परीक्षा. पहिली येईल तिला मॅडम स्वतःच्या पार्लरमध्ये ठेवणार आहेत. ती मीच असणार, हे आत्ताच सांगून ठेवते. पुढे पेठेच्या बाजारात माझी पाटी लागेल, तेव्हा तुझ्या भुवया पहिल्या.

तुझी,
मीना

उंबरमाळ, ता. पेठ
१८ जुलै १९९९

प्रिय मीना,

कोंबडी दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा आत्या जास्त हसली. भाताची आवणी चालू आहे, अंगणवाडीत पोरं निम्मीच येतात, उरलेली आयांच्या मागं बांधावर. मी आपली खिचडी शिजवते आणि रजिस्टर भरते.

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. शिबिरात ने म्हटलं तर म्हणते, आता काय बघायचं राहिलंय. माणसं पिठातून बघितल्यासारखी दिसतात म्हणाली. आवाजावरून मात्र सगळ्यांना ओळखते.

ज्योत्स्नानं गोंदण घासलं हे ऐकून तिला लय मजा वाटली. मग जुनं सगळं निघालं. म्हणाली, "लिही तिला. सात वर्सांची होती, पेठेच्या बाजारात गोंदून घेतली. तिच्या आयनं, चिमणानं, मांडीत दाबून धरली तरी लाथा झाडत होती. कोर बरोबर आली, वरचे दोन ठिपके बरोबर आले, तिसरा ठिपका लाथंच्या हिसक्यानं भुवईकडं सरकला. गोंदणारीण म्हणाली, चुकला. चिमणा म्हणाली, चुकला तर बरंच झालं. वर गेल्यावर शंभर पोरी असल्या तरी माझी मला सापडंल."

हे सांगताना ती स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून बसली होती. तब्येतीला जप.

साधना

नाशिक
२२ ऑगस्ट १९९९

प्रिय साधना,

हे पत्र आधी एकटी वाच.

शनिवारी आता खरी गिऱ्हाइकं येतात. काल माझ्या खाटेवर एक बाई आल्या. मी चेहरा पुसून घेतला, मसाज सुरू केला, त्या डुलकी घ्यायच्या बेतात होत्या. मध्येच डोळे उघडले आणि मी वाकलेली त्यांना दिसले. त्या उठूनच बसल्या. म्हणाल्या, "मॅडम, दुसरी मुलगी द्या. हिचे हात धुतलेत ना नक्की?" दोनदा धुतले होते साधना, साबणानं. मॅडमनी ज्योत्स्नाला उभं केलं आणि मी वाट्या विसळायला गेले. मला इतकी लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा राग आला.

नंतर मॅडमनी आत बोलावलं. वाईट नाही बोलल्या. म्हणाल्या, "वर्गात तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. पण गिऱ्हाईक आधी चेहरा बघतं, हात नंतर. कातडीच्या डॉक्टरकडे हे काढता येतं. विचार करून बघ."

मी विचार करते आहे आणि मला भीती वाटते. तुला ठाऊक आहे, आई दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला गेली ती परत आलीच नाही. तापानं गेली, तिकडेच जाळली. मी नऊ वर्षांची. तिचं तोंड मी पाहिलं नाही आणि तिनं माझं. आपल्यात म्हणतात, मेल्यावर अंगावरचं सोनंनाणं सगळं काढून घेतात, बरोबर येतं ते फक्त गोंदण. माझ्याजवळ आईची म्हणून तेवढी एकच खूण आहे. ती पुसली तर ती मला कशानं ओळखेल? इथल्या पोरींना हे सांगितलं तर हसतील. तू हसणार नाहीस.

आत्याला विचार. आई गेल्यावर मला वाढवलं तिनंच; बाबांनी दुसरा संसार मांडला, त्यांचा यात काही संबंध नाही. आत्या नाही म्हणाली तर नाही. मग पहिला नंबर गेला तरी चालेल, घरी येईन.

मीना

उंबरमाळ
५ सप्टेंबर १९९९

प्रिय मीना,

आत्याला विचारलं. ती म्हणाली, "काळ बदलला. पोरीच्या पोटाआड येत असेल तर काढ म्हणावं. चिमणा रागावणार नाही." जास्त काही बोलली नाही.

मला विचारशील तर तू परत येऊ नकोस. आश्रमशाळेतून आपण दोघी एका दिवशी बाहेर पडलो. मला नर्सिंगला जायचं होतं, ते राहिलं. आता एक तरी जाऊ दे. एवढ्याशा खुणेसाठी तू परत येऊन माझ्याबरोबर खिचडी ढवळत बसलीस, तर ते मला बघवणार नाही.

इकडे सगळं ठीक.

साधना

नाशिक
३ ऑक्टोबर १९९९

प्रिय साधना,

काढलं. आत्याच्या शब्दावर काढलं, तिला सांग.

डॉक्टरकडे जायचं होतं, पण तारीख दिवाळीनंतरची मिळत होती आणि मला धीर निघाला नाही. क्लासच्या कपाटात कातडी सोलायचं औषध असतं. मॅडमनी आम्हाला हात लावायची बंदी केलेली आहे. एका रविवारी मी ते काडीनं रेषेरेषेवर लावलं, कोरीवर, ठिपक्यांवर. हिरवा रंग जाईना म्हणून ठेवत गेले, ठेवत गेले. ज्योत्स्ना रडायला लागली, मी नाही. मग दवाखाना, पट्टी, आणि मॅडमनी असं झाडलं की खालच्या दुकानाला फुकट करमणूक. डॉक्टर म्हणाले, खोल भाजलंय, कातडी तिथं थोडी उंच राहील.

पण रंग गेला. पट्टी सुटून दहा दिवस झाले. वर पावडर लावली की लांबून काही दिसत नाही. शनिवारी एक बाई म्हणाल्या, "किती हलका हात आहे गं तुझा, घरची कुठली?" मी म्हटलं, पेठची. त्या म्हणाल्या, "वाटत नाही." आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा.

फक्त सकाळी आरशात बघते तेव्हा क्षणभर कळत नाही, ही कोण.

मीना

नाशिक
११ नोव्हेंबर १९९९

प्रिय साधना,

तुझं पत्र नाही. दिवाळीला मी आले नाही म्हणून रागावलीस का? अभ्यास होता असं मी कळवलं होतं. अभ्यास नव्हता. आत्यासमोर तोंड घेऊन यायचा धीर झाला नाही, परवानगी तिचीच असली तरी.

आता लिहिते ते कुणाला सांगू नकोस. मी ताप नसताना, पोटभर जेवून, भर दुपारी शुद्धीत असताना झालेलं लिहिते आहे.

गेल्या महिन्यात एका प्रॅक्टिकलला मी खाटेवर होते. तोंडावर लेप, डोळ्यांवर कापूस, पंखा चालू. रांगेच्या दाराकडच्या टोकाला कुणीतरी आलं. अनवाणी पावलं, टाचेला भेगा पडल्या की फरशीवर जसा आवाज येतो तसा. मला वाटलं झाडणारी बाई. ते माणूस पहिल्या खाटेपाशी थांबलं, मग दुसऱ्या. दर खाटेपाशी थोडं थांबायचं. माझी सहावी. माझ्यापाशी आलं तेव्हा गंधकाचा वास आला. आई बागेतून आली की तिच्या लुगड्याला यायचा तो. वेलींवर गंधक मारायचे ना.

कुणीतरी माझ्यावर वाकलं होतं. श्वास लागत होता. मी हालले नाही. मग पावलं सातव्या खाटेकडे गेली.

ज्योत्स्नाला विचारलं तर म्हणाली, "अगं मुरुमांच्या लेपात गंधक असतंच, कुणीतरी कालवलं असेल." खरं आहे, असतं. पण साधना, हे आता चार वेळा झालं. दर वेळी ती दारापासून सुरू करते आणि एकेकीचं कपाळ बघत येते. रांगेतल्या दोघी-तिघी म्हणाल्या, मॅडम येऊन कपाळाला हात लावून जातात, लेप वाळला का बघायला. मॅडम त्या वेळी खाली दुकानात फोनवर असतात. मी पाहिलंय.

तिला मी सापडत नाही. इतक्या वर्षांनी ती दिंडोरीहून चालत इथपर्यंत आली, माझ्या तोंडावर वाकली, आणि पुढच्या पोरीकडे गेली. मला ओरडून सांगायचं असतं की मी इथं आहे. लेपानं ओठ आखडलेले असतात. आणि काय सांगू तिला, खूण मीच जाळली म्हणून?

आत्याला विचार, तिनं हो म्हटलं तेव्हा ती नक्की काय म्हणाली होती. शब्दन् शब्द लिही.

मीना

उंबरमाळ
२१ नोव्हेंबर १९९९

मीना,

प्रिय लिहायचं धाडस होत नाही.

आत्यानं हो म्हटलं नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं. तुझं ऑगस्टचं पत्र घेऊन तिच्या दारात गेले होते. ती तांदूळ निवडत होती, दिसत नाही तर बोटांनी. म्हणाली, "मीनाचं पत्र? वाच." मी वहीत ठेवलेलं तुझं जुनं पत्र काढलं आणि कोंबडीचं पुन्हा वाचलं. मग घरी येऊन तिचं उत्तर मीच लिहिलं. मला माहीत होतं ती नाही म्हणेल, तू परत येशील, आणि आपण दोघी इथंच म्हाताऱ्या होऊ. मला वाटलं मी तुझं भलं करते आहे. आता वाटतं, माझं राहिलेलं मी तुझ्याकडून करून घेत होते. ऑक्टोबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही ते रागानं नाही, हात उचलला नाही म्हणून.

परवा आत्याला सगळं सांगितलं. तुझं दुपारचंही. मला वाटलं हाकलून देईल. मग म्हणाली, "आपली मीना घरात कुणी वाकडं बोललं तरी मुकाट ऐकणारी नाय, आनी ते भाजून घेताना रडली नाय म्हनं." एवढं बोलून तीच रडली. नंतर म्हणाली, "तिला घरी बोलीव. दोन दिस. मला तिचं तोंड बघायचं हाय."

दिसत नाही तर कसं बघणार, हे मी विचारलं नाही. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण ये.

साधना

नाशिक
३० डिसेंबर १९९९

साधना,

मी गावात आठ दिवस होते आणि तुझ्याशी धड बोलले नाही. एस.टी.पर्यंत तू पिशवी घेऊन आलीस, तेव्हा बोलायचं होतं. जमलं नाही. तू जे केलंस त्याचा राग मला अजून आहे आणि तो काही दिवस राहील. पण पत्र लिहायला माझ्याकडेही तुझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून लिहिते.

तू अंगणवाडीत होतीस तेव्हाचं सांगते. आत्या ओट्यावर उन्हात बसली होती. मी पायाशी बसले. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि हनुवटीपासून वर बोटं नेली. मला शिकवलंय तशीच, साधना, तिला कुणी शिकवलं कोण जाणे. कपाळावर आली आणि थांबली. मी म्हटलं, आत्या, गेलं गं ते. ती म्हणाली, "गप." मग एका बोटानं हळूहळू फिरवत गेली. म्हणाली, "हाय की. ही कोर. हे दोन ठिपके. आनी हा तुझा लाथंचा, भुवईकडं पळालेला. कोन म्हनतं गेलं?"

मी म्हटलं, रंग गेला. ती म्हणाली, "रंग डोळ्याला लागतो. मला कुठं दिसतो तो?"

मग तिनंच विचारलं, दुपारी कोण येतं ते. मी सगळं सांगितलं. ती अजिबात दचकली नाही. शेजारीण येऊन गेल्यासारखं ऐकलं. म्हणाली, "चिमणा हिरवं शोधत असंल. तिला काय ठावं तू जाळून घेतलं. कुनीतरी जाऊन सांगाया पायजे, की नजरंनं बघू नको, बोट लावून बघ." मी म्हटलं, कोण सांगणार? ती म्हणाली, "मी चाललेच हाय की. माझं काय काम ऱ्हायलंय हितं? जाताना तेवढा निरोप नेते."

मी रागावले. असलं बोलू नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. त्यानंतर रोज सकाळी ती मला समोर बसवायची आणि पाठ केल्यासारखं बोट फिरवायची. कोर, दोन ठिपके, एक सरकलेला.

परीक्षा ९ फेब्रुवारीला, बुधवारी. तिच्या खोकल्याकडे बघ. डॉक्टरला दाखव, ती नाही म्हणाली तरी.

मीना

उंबरमाळ
८ फेब्रुवारी २०००

प्रिय मीना,

हे पत्र परीक्षा झाल्यावर तुझ्या हातात पडेल अशा बेतानं आज टाकते आहे. आत्या गेली. काल सोमवारी, सकाळी.

तिला डॉक्टरला दाखवलं होतं. छातीत पाणी झालं होतं. नाशिकला न्यायचं ठरलं तर तिनं खाटेची कड धरून ठेवली, सोडेचना. मी म्हटलं, मीनाला बोलावते. म्हणाली, "पोरीला परीक्षेतून उठवायची नाय. मी तिचंच काम घेऊन चालले." हे शब्द तिचेच आहेत मीना. या वेळी मी एकही घातलेला नाही.

शेवटचे तीन दिवस ती माझा तळहात मागायची. त्यावर बोटानं काढायची, कोर, दोन ठिपके, आणि मग थोडं थांबून एक बाजूला. काढून झालं की विचारायची, "बरोबर हाय ना गं?" मी हो म्हणायची. काल सकाळीही काढलं. शेवटच्या ठिपक्यावर बोट तसंच राहिलं. मी किती तरी वेळ हात काढून घेतला नाही.

तिला हळद मी लावली. तू असतीस तर नीट लावली असतीस. कपाळावरचं तिचं गोंदण पाण्यानं पुसल्यावर अगदी हिरवंगार दिसत होतं. तुला तिचं शेवटचं तोंड दाखवलं नाही, आईसारखंच झालं हे पुन्हा, आणि परवानगीसारखं हेही मीच लपवलं. तिनं सांगितलं म्हणून लपवलं, तरी तू रागावलीस तर तो राग मी घेईन.

साधना

नाशिक
९ फेब्रुवारी २०००

प्रिय साधना,

आज परीक्षा झाली. सकाळी मी ज्योत्स्नाला केलं, दुपारी ती मला. परीक्षक बाई पुण्याच्या होत्या. माझ्या शेजारून दोनदा गेल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. नंबराचं आठवड्यानं कळेल. खरं सांगायचं तर मला आज त्याची आठवणही राहिली नाही.

दुपारी मी खाटेवर होते, सहाव्याच. आजचा लेप मुलतानी मातीचा आणि गुलाबपाण्याचा, मी स्वतः कालवलेला. त्यात गंधक नव्हतं. डोळ्यांवर कापूस ठेवून ज्योत्स्ना वाट्या धुवायला गेली, नळाचा आवाज येत होता. दाराशी पावलं आली. नेहमीची. पण आज ती पहिल्या खाटेपाशी थांबली नाहीत, दुसरीपाशीही नाही. सरळ माझ्याकडे आली. गंधकाचा वास आला. आणि कपाळावर एक बोट टेकलं.

खरखरीत बोट होतं. मॅडमच्या बोटांत अंगठ्या असतात, परीक्षक बाईंची नखं लांब होती. हे बोट कोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. मग वर, एक ठिपका, दुसरा ठिपका. मग थांबलं. मग ते हळूच भुवईकडे सरकलं आणि तिथं टेकून राहिलं. खूप वेळ राहिलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी कापसाखालून वाहून लेप ओघळला. ज्योत्स्नाचे मार्क गेले असतील, तिची माफी मागितली आहे.

कापूस काढला तेव्हा ज्योत्स्ना नळापाशीच होती. मॅडम आणि परीक्षक बाई टेबलाशी चहा घेत होत्या.

तुझं पत्र आलेलं नाही. आत्याच्या खोकल्याचं तू महिनाभर काही लिहिलं नाहीस. लिहू नको असं तिनंच सांगितलं असणार, तुझ्यावर माझा राग नाही. निरोप पोचला, साधना. आत्या कोणत्या वारी गेली, तेवढं कळव.

तुझी,
मीना